पंखा फिरतोय का, ते आधी पाहा

वाचक भगिनीचं पत्र:

आमची पेट्रोल कार नऊ वर्षं जुनी आहे. महिनाभरापासून दोन तक्रारी आहेत. गर्दीत गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर चढतो, गाडी पळायला लागली की परत खाली येतो. शिवाय इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. छोटा स्कॅनर लावला तर पी ०१७१ असा कोड येतो. याच मॉडेलची गाडी असलेल्या तिघांना विचारलं. एक म्हणतात, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. दुसरे म्हणतात, ऑक्सिजन सेन्सर बदला, माझा कोड त्यानेच गेला. तिसरी मैत्रीण रेडिएटरमध्ये गळती बंद करणारी पावडर टाक म्हणते. मला गाडीचं काम स्वतः करायला मनापासून आवडतं. वायपर, बॅटरी आणि दीड-दोन महिन्यांपूर्वी एअर फिल्टर मीच बदलला. आता पुढचे ब्रेक पॅडही घरीच बदलायचं मनात आहे, पण माझे दीर म्हणतात, ब्रेकला हात लावू नकोस. कोणाचं ऐकू, आणि कुठे थांबू?

उत्तर:

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासूनच सुरुवात करू या. उभी राहिली की काटा चढतो, पळायला लागली की उतरतो. तिघांच्या सल्ल्यांपेक्षा हे तुमचं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते तुमच्याच गाडीचं आहे आणि त्यातून थेट एका ठिकाणी जाता येतं.

रेडिएटर थंड होतो तो त्याच्या जाळीतून जाणाऱ्या हवेने. गाडी वेगात असते तेव्हा ही हवा समोरून आपोआप मिळते. गाडी उभी असते तेव्हा ती पंख्याने ओढून घ्यावी लागते. पळताना तापमान ताब्यात राहतं याचा अर्थ कुलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव, बऱ्यापैकी फिरतंय, पाण्याचा पंप काम करतोय आणि कुलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅटही उघडतोय. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर मोकळ्या रस्त्यावर, इंजिनावर जोर पडल्यावर काटा आणखी चढला असता. म्हणजे पहिला संशय पंख्यावर किंवा रेडिएटरसमोर अडकलेल्या कचऱ्यावर.

हे तपासायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना कुलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहा. मग इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा सुरू होतो. झाला नाही तर धागा सापडला. फ्यूज पाहा. पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा छोटा स्विच, ओळखा आणि त्याच डब्यातला तंतोतंत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, समजा हॉर्नचा, तात्पुरता तिथे बसवून पाहा. पंख्याच्या मोटरला जाणारा कनेक्टर काळा पडलाय किंवा वितळलाय का, तेही बघा. ज्या गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात त्यांच्यात कमी वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळला की पंखा संथ गतीने फिरतच नाही, तापमान खूप वाढल्यावर एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो. लोक म्हणतात, पंखा चालतोय की. चालतो, पण उशिरा. तुमच्याकडे स्कॅनर आहे, तर त्यावर कुलंटचं तापमान थेट दिसतं. गाडी उभी ठेवून पंखा किती अंशांवर सुरू होतो ते लिहून ठेवा. साधारणपणे ९५ ते १०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान तो लागायला हवा. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो.

हे करताना एक सांभाळा. इंजिन बंद असलं तरी बऱ्याच गाड्यांत हा पंखा स्वतःहून सुरू होऊ शकतो. बोटं, ओढणी, केस त्याच्यापासून लांब ठेवा. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कुलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. अर्धं कुलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर असलेलं मिश्रण दाबाखाली असल्यामुळे १२० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच मिश्रण क्षणात उकळून अंगावर उसळतं. चेहरा आणि हात भाजण्याच्या घटना अशाच होतात.

पंखा ठीक निघाला तर रेडिएटर आणि त्याच्या पुढे असलेला एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून पाहा. धूळ, किडे, वाळलेली पानं यांचा थर तिथे साचतो आणि समोरून तो दिसत नाही. साध्या नळीच्या हलक्या धारेने, जमलं तर इंजिनाच्या बाजूने बाहेर, धुऊन काढा. जोरदार प्रेशरचं पाणी मारलं तर जाळीची नाजूक पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच मालकांना माहीत नसते. अलीकडच्या अनेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. इंजिन ८५ अंशांवर असो की १०५ वर, काटा तिथेच. तुमचा काटा मधली खूण सोडून वर जातो म्हणजे परिस्थिती दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असू शकते. तपासणी होईपर्यंत गर्दीतून गाडी नेणं टाळा. वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावा. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण इंजिनातली बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. त्यानेही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. तापलेलं इंजिन तसंच रेटलं की इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकतं, त्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं, आणि मग काम शंभरपट मोठं होतं.

आता थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला. हा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तो चुकीचा आहे, हे मी अगदी स्पष्ट सांगेन. थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर गरम करतो आणि मग त्या तापमानावर टिकवतो. तो काढला की इंजिन मोकळ्या रस्त्यावर थंडच राहतं. कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, वाटतं, इंजिन अजून तापतंय, म्हणून ते पेट्रोल जास्त सोडत राहतं. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातला ओलावा आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटचीच एक चकती आतली आडवाट बंद करत असते. तो काढला की गरम कुलंट रेडिएटरला न जाता त्या आडवाटेने परत इंजिनात शिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवायचा. रिकामी जागा सोडायची नाही.

पावडरचं थोडक्यात सांगते. गळती कुठून आहे हे तुम्ही पाहिलेलं नाही, किंबहुना गळती आहे असंही तुमच्या पत्रात कुठे नाही. पावडर भोक शोधत जात नाही, अरुंद वाट शोधते. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही अरुंदच असतात. कुलंट खरोखर कमी होत असेल तर आधी होज पाइपांचे सांधे, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या कडा आणि पाण्याच्या पंपाखालची जागा पाहा. तिथे वाळलेल्या कुलंटचा रंगीत किंवा पांढरट डाग राहतो. बाहेर कुठेच डाग नाही, तरी पातळी उतरतेय, धुराला गोडसर वास येतोय, टाकीत सतत बुडबुडे येतायत, अशी लक्षणं दिसली तर गॅरेजमध्ये हेड गॅस्केटची चाचणी करून घ्या. कुलंटवरच्या हवेत इंजिनातला जळका वायू आलाय का, हे एका रंग बदलणाऱ्या द्रवाने तपासतात. निळ्याचा पिवळा झाला की शंका संपली.

आता पी ०१७१ कडे येऊ. हे कोड एका ठरलेल्या पद्धतीने बनतात. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी पद्धत सक्तीची झाली आणि पुढे तीच पद्धत जगभर पसरली. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची बाजू. नंतरचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू आहे. त्या जागी १ असता तर अर्थ सहसा कंपनीने स्वतः ठरवलेला असतो, आणि मग दुसऱ्या कंपनीच्या गाडीवाल्याचा सल्ला सपशेल निरुपयोगी ठरला असता. पी ०१७१ चा अर्थ एवढाच की इंजिनाच्या पहिल्या बाजूला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

ऑक्सिजन सेन्सर खराब आहे, असं या कोडमध्ये कुठेही म्हटलेलं नाही. उलट बहुतेक वेळा तो सेन्सर खरं बोलत असतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरलाय, असं तो सांगतो. तुमच्या ओळखीतल्या दुसऱ्या गृहस्थांनी तोच बदलला आणि त्यांचा दिवा गेला, हे मला खरं वाटतं. पण सेन्सर बदलल्यावर कोड पुसला जातो, बऱ्याचदा बॅटरीही काढली जाते. दिवा लगेच विझतोच. मूळ दोष असेल तर काही दिवसांनी परत लागतो. दिवा विझून किती दिवस झाले, हे त्यांना विचारलंत का?

पेट्रोल कमी पडण्याची कारणं दोन दिशांनी येतात. एकतर इंजिनात न मोजलेली हवा शिरतेय, नाहीतर पेट्रोलच कमी येतंय. हे वेगळं कसं ओळखायचं? स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो, टक्क्यांत. कंट्रोल युनिट ठरलेल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतंय, ते तो सांगतो. दीर्घकालीन ट्रिम शून्याच्या आसपास असावा. अधिक १० टक्क्यांच्या पुढे गेला की काहीतरी बिघडलंय. इंजिन गरम करून गाडी जागेवर उभी असताना तो आकडा वाचा, मग आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, २५०० वर धरून पुन्हा वाचा. जागेवर आकडा मोठा आणि २५०० ला बराच कमी झाला, तर कुठूनतरी चोरटी हवा आत जातेय. जागेवर इंजिनाला हवा थोडीच लागते, त्यामुळे छोटी गळतीही त्यात मोठी ठरते. उलट वेग आणि जोर वाढवला की आकडा वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर यांच्याकडे पाहायचं.

आणि आता एक प्रश्न, जो तुम्हाला कोणीच विचारलेला दिसत नाही. एअर फिल्टर तुम्ही दीड-दोन महिन्यांपूर्वी बदललात. दिवा महिनाभरापासून लागलाय. तो फिल्टर काढताना हवेच्या डब्यापासून थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या झडपेकडे, जाणारा रबरी भोंगा सैल केला होता का? त्या भोंग्याची क्लिप नीट आवळली गेली नसेल किंवा नऊ वर्षं जुनं रबर वाकवताना त्याच्या घडीत चीर पडली असेल, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढून हवा आत शिरते आणि नेमका हाच कोड येतो. दोषच काढतेय असं समजू नका, हे कोणाच्याही हातून होतं. भोंगा हाताने ताणून, त्याची प्रत्येक घडी उघडून पाहा. वरून ठणठणीत दिसतो आणि खालच्या बाजूने फाटलेला असतो. त्याच वेळी इनटेकला जोडलेल्या बारीक रबरी नळ्या आणि ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी यांनाही हात लावून बघा. इंजिन जागेवर चालू असताना कुठे सूं असा आवाज येतोय का, ऐका. काही गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो, दाब मोजणारा असतो. त्यांच्यात अशा गळतीने बहुधा आरपीएम वाढतं. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

गळती शोधायला चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारा, असं कोणी सुचवेल. गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट घेणारा फवारा मारणं मला मान्य नाही. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र असतं, ते जास्त चांगलं काम करतं. हवेचा सेन्सर साफ करायचा झाला तर त्याच्यासाठी बनवलेलाच क्लीनर वापरा. आतल्या बारीक तारेला कापूस किंवा बोट लावू नका. आणि कोड पुसण्याआधी स्कॅनरवरची फ्रीज फ्रेम उतरवून घ्या. कोड आला त्या क्षणी वेग, तापमान, आरपीएम काय होतं, ते त्यात साठवलेलं असतं आणि पुसलं की तेही जातं. हा पिवळा दिवा स्थिर असेल तर धीराने तपासता येतं. तो लुकलुकायला लागला तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आतलं पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते कच्चं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. तेव्हा वेग कमी करून गाडी थांबवायची.

कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंत. तिघांचंही ऐका, पण काय ऐकायचं ते निवडा. तीच गाडी वर्षानुवर्षं वापरणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते कुठल्याही पुस्तकात नसतं. कोणती प्लास्टिकची क्लिप ओढली की तुटते, कोणत्या बोल्टपर्यंत पोचायला बॅटरीचा ट्रे काढावा लागतो, कोणत्या कोपऱ्यातून पाणी गळून कनेक्टर गंजतो, हे ज्ञान सोन्यासारखं आहे. ते लिहून घ्या. पण कसं खोलायचं हे सांगणारा माणूस काय बदलायचं हेही तितक्याच खात्रीने सांगायला लागतो, आणि तिथे गफलत होते. त्याने त्याची गाडी पाहिलीय, तुमची नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये मधल्या काळात इंजिन बदललेलं असतं, सेन्सरची जागा बदललेली असते. पार्ट सांगणाऱ्याला शांतपणे विचारा, तोच खराब होता हे तुम्हाला कशावरून कळलं? ज्याने तपासून पाहिलेलं असतं तो लगेच सांगतो की मीटरने इतके व्होल्ट आले, नळी काढून पाहिली तर फाटलेली होती. ज्याने अंदाजाने बदललं तो म्हणतो, सगळ्यांना तोच प्रॉब्लेम येतो. पहिल्याचा सल्ला आपल्या गाडीवर तपासून बघायचा. दुसऱ्याचा वहीत नोंदवून ठेवायचा आणि पैसे खिशातच ठेवायचे.

ब्रेककडे वळू. तुमच्या दिरांची काळजी योग्य आहे आणि त्यांना तसं सांगायला हरकत नाही. तरीही ब्रेक पॅड बदलणं हे अवघड काम नाही. एखादं काम आपण करावं की नाही, हे त्याच्या अवघडपणावर मी ठरवत नाही. चूक झाली तर ती कधी कळेल, हे मी पाहते. एअर फिल्टर चुकीचा बसला तर दिवा लागतो आणि आपण पुन्हा उघडून पाहतो. ब्रेकची चूक गाडी थांबवायच्या वेळी कळते. म्हणून पहिल्या वेळी हे काम आधी केलेलं माणूस शेजारी हवं, आणि तुमच्या गाडीचे टॉर्कचे, म्हणजे कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा याचे, आकडे समोर लिहिलेले हवेत. या दोन्ही गोष्टी नसतील तर पुढच्या खेपेपर्यंत थांबा.

असतील, तर जमिनीपासून सुरुवात करा. सपाट, कठीण जागा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा, आणि गाडी उचलली की लगेच स्टँडवर टेकवायची. गाडीसोबत मिळालेला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. यात मी कुणालाही सूट देत नाही, कितीही अनुभव असो. जॅक आणि स्टँड कुठे टेकवायचे, त्या जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या असतात.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू तुमच्यासाठी नमुना म्हणून शाबूत राहते, आणि मोबाइलमध्ये फोटो काढायला विसरू नका. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सोडवल्यावर तो ब्रेकच्या होज पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवायचा. कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं. मधल्या काळात कोणी टाकी काठोकाठ भरली असेल तर ते बाहेर सांडतं, आणि रंगावर पडलं की रंग खातं. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅड झिजत जातात तसं ऑइल थोडं थोडं उतरतंच. म्हणून पातळी कमी दिसली की आधी पॅड पाहायचे, बाटली नंतर. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी हलवायचीच नाही.

पॅडचा घासणारा पृष्ठभाग आणि डिस्क यांना ग्रीस किंवा तेलकट बोटही लागता कामा नये. ग्रीस फक्त कॅलिपर सरकतो त्या पिनांना, तेही ब्रेकसाठी असलेलंच. पिना सहज सरकतात का, रबरी टोप्या फाटलेल्या नाहीत ना, ते पाहा. एक पॅड पार झिजलेला आणि दुसरा जाड निघाला तर बहुधा पिनच अडकलेली असते, आणि तसेच नवे पॅड घातले तर तेही असेच झिजतील. ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ब्रेक क्लीनर आणि ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल, रॉकेल वापरायचं नाही, रबरी सील फुगतात. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

चाक बसवताना नट आधी हाताने फिरवा. हाताने सहज जात नसेल तर आटे जुळलेले नाहीत, पाना लावून जबरदस्ती केली की ते कायमचे जातात. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळत जा आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने शेवटचा आकडा गाठा. पायाने पान्यावर उभं राहून आवळणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने स्टड ताणले जातात आणि डिस्क वेडीवाकडी बसते. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा टॉर्क तपासा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते कडक लागेपर्यंत. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या काही दाबांत पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. भल्याभल्यांच्या गाड्या अशाच भिंतीवर गेल्यात. पेडल कडक झालं, टाकीतली पातळी पाहिली, मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन-चारदा थांबून बघा. पेडल मऊ, स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे. गाडी तिथेच उभी ठेवून मेकॅनिकला बोलवा.

मागच्या चाकांना बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तिथे हेच काम वेगळं असतं. स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय पिस्टन ढकलला तर त्याची मोटर तुटू शकते. ब्रेकची पाइपलाइन उघडायचं कामही सध्या गॅरेजकडेच राहू द्या. ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलला किमान २३० अंशांपर्यंत उकळी येऊ नये असं मानक आहे, ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी तेच मानक १५५ वर येतं. लांबच्या उतारावर सतत ब्रेक दाबताना हा फरक जिवाशी येतो.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी केबलना, सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगना, एसीच्या गॅसला आणि इंजिनाच्या उच्च दाबाच्या इंधन नळ्यांना घरी हात लावू नका. टायमिंग बेल्टही गॅरेजमध्येच बदला. एक दात चुकला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

बाकी बरंच काही तुमचं आहे. ऑइलची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहणं. टायरमधली हवा थंड टायरवर, दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरणं. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.७ ते १४.७ यायला हवेत. एक साधा मल्टिमीटर आणि एक बरा टॉर्क रेंच, या दोन वस्तू घ्या. सेन्सर विकत घेण्याआधी मल्टिमीटर घेतलात तर तो सेन्सर घ्यावा लागणार नाही, असं बरेचदा होतं.

आणि एवढं करूनही गाडी गॅरेजला न्यावी लागली, तर तिथे जाऊन थर्मोस्टॅट बदला किंवा सेन्सर बदला असं म्हणू नका. मेकॅनिक तो पार्ट बदलून देईल, दोष राहिला तर निर्णय तुमचा होता असं म्हणेल, आणि त्यात तो चुकीचा नसेल. त्याला सांगा की उभी असताना तापते, पळताना उतरते. पंखा अमुक अंशांवर लागला किंवा लागलाच नाही. जागेवर ट्रिम एवढा, २५०० ला एवढा. दिवा लागण्याआधी एअर फिल्टर बदलला होता. हा कागद त्याच्या हातात द्या, आणि काय सापडलं ते जुना पार्ट हातात घेऊन दाखवायला सांगा.